टनभर कोळशाचा हिशेब

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या काठी वसलेले बजबज तेलाच्या टाक्या आणि तागाच्या गिरण्या यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. त्याच्या शेजारीच, पुजाली येथे, ७५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्राच्या भट्टीत टनभर दगडी कोळसा जळाला, तर धुरांड्यातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल? राख मागे उरते, तेव्हा टनाहून कमीच, असे उत्तर सहज सुचते. ते चुकीचे आहे.

रासायनिक देवघेव वजनाने नव्हे, संख्येने चालते. कार्बनचा एक अणू प्राणवायूच्या एका रेणूशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बनतो. अणू एकेक मोजणे तर अशक्य. म्हणून आंबे जसे डझनाने, तसे हे कण ‘मोल’ या मापाने मोजतात. हा डझन मात्र अवाढव्य : सहावर तेवीस शून्ये, त्याहूनही किंचित अधिक! एक मोल कार्बन १२ ग्रॅम भरतो, एक मोल प्राणवायू ३२ ग्रॅम, आणि दोहोंचा संयोग ४४ ग्रॅम.

आपल्याकडील कोळशात राख पुष्कळ. समजा, टनात ४२० किलोग्रॅमच कार्बन आहे. त्याला बाराने भागले की ३५,००० मोल होतात. तितकेच मोल कार्बन डायऑक्साइड निर्माण होणार. म्हणजे १,५४० किलोग्रॅम, टनाच्या दीडपटीहून अधिक. वाढीव भार हवेने पुरविला : १,१२० किलोग्रॅम प्राणवायू. हवेत प्राणवायू जेमतेम पाचवा हिस्सा असल्याने, तेवढ्यासाठी पावणेपाच टनांहून अधिक हवा भट्टीत लोटावी लागते.

ती अपुरी पडली तर? समजा, प्राणवायूचे २८,००० मोलच मिळाले. मग जो पदार्थ तुटपुंजा, त्याच्याच हाती उत्पन्नाची किल्ली जाते. सारा कार्बन जळून वायुरूप झाला असे धरले, तर २१,००० मोल कार्बन डायऑक्साइड होतो आणि उरलेले १४,००० मोल विषारी कार्बन मोनॉक्साइड बनतात. त्यात उष्णताही वाया जाते. बंद खोलीतील शेगडी माणसाचा जीव घेते, ती याच तुटीपायी. म्हणून भट्टीत हिशेबापेक्षा थोडी अधिक हवा सोडतात. फार अधिक मात्र नाही, कारण जादा हवा तापून उष्णता धुरांड्यावाटे घेऊन जाते. हे प्रमाण राखण्यासाठी, बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती शिल्लक आहे, हे यंत्राने सतत मोजले जाते.