दिवा हिरवा, हात वर

टिळक रोडने अलका टॉकीज चौकात येताना समोर दिवा हिरवा आणि हवालदाराचा उघडा तळवा आपल्याकडे. शिकाऊ गाडी चालवणाऱ्या बाई गोंधळून दोन्हींकडे बघतात. मागे रिक्षावाल्याने हॉर्न लावून धरलेला. शेजारच्या सीटवरचे सर म्हणतात, "दिवा सोडा मॅडम, हात बघा. ब्रेक." सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक आहेत, पण ते दाबत नाहीत.

थांबवण्याचं कारण मागच्या सीटवरून मलाही दिसतं. लकडी पुलावर गाड्या तुंबल्यात. हिरवा आहे म्हणून आपण घुसलो, तर चौकातच अडकू आणि शास्त्री रोडची वाटही बंद करू. पुढे जागा आहे की नाही, हे दिव्याला कळत नाही, हवालदाराला दिसतं. 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत गणवेशातल्या पोलिसाचा इशारा सिग्नलच्या वरचा मानलाय तो त्यामुळेच.

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी हे इशारे चित्रांवरून पाठ केलेले असतात. हात वर, तळवा पुढे म्हणजे समोरच्यांनी थांबायचं; एक हात खांद्याच्या रेषेत बाजूला म्हणजे पाठीमागून येणाऱ्यांनी. चित्रातला हवालदार मात्र जागचा हलत नाही. इथला एका हाताने काहींना थोपवतो, दुसऱ्याने काहींना बोलावतो, मध्येच वळून शिट्टी मारतो. हलणारा हात दिसला की नवशिक्याला तो आपल्यासाठीच वाटतो. म्हणून सर घोकून घेतात, "आधी त्याचं तोंड कुणाकडे ते बघायचं, मग हात."

आता तोंड आपल्याकडे, हातही आपल्यालाच. बाई घाईने क्लच सोडतात, गाडी आचका देऊन बंद पडते. मागून हॉर्नचा गजर. "न्यूट्रल करा. स्टार्टर. फर्स्ट टाका, हाफ क्लचवर घ्या. तो थांबेल." हवालदार खरंच थांबतो. पाटीवरचा लाल 'एल' त्याने बघितलाय. दुसऱ्या बाजूला धरलेला हात तो खाली घेत नाही.

गाडी निघते आणि या वेळी सर स्वतः ब्रेक दाबतात. पिशवी घेतलेले एक आजोबा डावीकडून रस्त्यात उतरलेत.

"पण त्यांनी सोडलं होतं ना, सर?"

"त्यांनी गाड्या अडवल्यात मॅडम. आजोबांना कोण अडवणार? ते तुम्हीच बघायचं."

बाई मान हलवतात. आजोबा पलीकडे जाईपर्यंत क्लच दाबूनच ठेवतात.