दादाच्या गाडीचे दिवे

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहायचे म्हणजे पणतीविषयी नाही तर आकाशकंदिलाविषयी, असा रिवाज आहे. मी मात्र आज मोटारीच्या दिव्यांविषयी लिहिणार आहे. आणि मोटार तरी कसली? ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री कल्याणच्या बाजारात जाणारी, आमच्या दादाची सतरा वर्षांची जुनी पिकअप!

हा रस्ता माळशेज घाटातून उतरतो. पावसाळी सहलीला गेलेल्या वाचकांना तिथले धबधबे आठवत असतील. दादाला आठवते ते धुके. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, रात्री दोनच्या सुमारास तो घाट उतरून टोकावड्याकडे चालला होता. रस्त्याच्या डाव्या कडेने एक म्हातारा डोक्यावर इरले घेऊन चालत होता. दादाला तो दिसला, तेव्हा मध्ये चार हातांचेच अंतर उरले होते. गाडी उजवीकडे ओढली आणि समोरून कोणी येत नव्हते, म्हणून निभावले. म्हाताऱ्याला बहुधा काही कळलेही नसावे. दादा मात्र गाडी कडेला घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला.

ही हकीकत त्याने मला सांगितली आणि वहिनींना सांगू नकोस असे बजावले. अर्थात चार दिवसांत ती वहिनींना कळली. त्यांनी मलाच फोन केला. "भावोजी, जन्मभर पोरांना प्रकाश शिकवलात. आता थोडा ह्यांच्या गाडीपुढे पाडा!"

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. मोटारीच्या विद्येशी माझा संबंध बसच्या तिकिटापुरता. पण वहिनींचा शब्द मोडण्याची सोय नव्हती.

मी ओतूरला पोहोचलो, तोवर दादाने स्वतःच एक उपाय करून ठेवला होता. मूळचा ६०/५५ वॅटचा बल्ब काढून त्याने १००/९० वॅटचा बसवला होता. म्हणजे जरा जाड दाण्याचे तांदूळ घातले की भात जास्त होतो, त्यातला हिशोब! आठ दिवसांत बल्बाचा होल्डर वितळला आणि वायरमनकडे जाण्याची पाळी आली.

वायरमन वयाने लहान, पण डोक्याने शांत. त्याने आधी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी १३.६ व्होल्ट आणि बल्बापाशी अवघे ११.९! सतरा वर्षांच्या गंजक्या जोडांतून आणि बारीक तारांतून वीज वाटेतच सांडत होती. हॅलोजन बल्ब याबाबतीत फार मानी असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर त्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. दादाच्या गाडीत एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश रस्त्यावर पोहोचण्याआधीच नाहीसा होत होता. पहिली दुरुस्ती म्हणून जाड वायर, नवा फ्यूज आणि रिले बसवला. रिलेमुळे दिव्याची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या बटणातून न फिरता बॅटरीपासून थेट जाते. एवढ्यानेच रस्ता उजळला. वाचकांपैकी ज्यांची गाडी जुनी आहे, त्यांनी निदान हा कमी खर्चाचा उपाय आधी करून पाहावा.

पण दादाचे समाधान होईना. जुन्या दिव्याची वाटी डागाळली होती, आणि तिच्यातून निघालेला प्रकाश रस्त्यावर कमी आणि धुक्यात जास्त पसरत होता. धुक्यावर आपलाच उजेड आदळून परत डोळ्यांत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा वायरमन म्हणाला, "प्रोजेक्टर बसवू या."

प्रोजेक्टर म्हणजे सिनेमाच्या यंत्राचाच धाकटा भाऊ. मागे लंबगोल वाटी. तिच्या एका केंद्राशी बल्ब. तिथला प्रकाश परावर्तित होऊन दुसऱ्या केंद्राशी गोळा होतो. तिथे पत्र्याचा एक लहानसा पडदा उभा असतो, आणि त्याच्यापुढे फुगीर भिंग. भिंग प्रतिमा उलटी करते, म्हणून खाली उभा असलेला पडदा वरचा प्रकाश कापतो! रस्त्यावर लख्ख उजेड, आणि ठरावीक रेषेच्या वर जवळजवळ अंधार. जुन्या वाचकांना आठवत असेल, एके काळी आपल्याकडे मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवीत. हेतू तोच, समोरच्याचे डोळे दिपू नयेत. प्रोजेक्टर ते काम आतल्या आत आणि नेमके करतो. अप्परचे बटण दाबले, की विजेच्या चुंबकाने तो पडदा टक्कन बाजूला होतो आणि लांबवर प्रकाश जातो.

दिव्याच्या जुन्या काचेवर उभ्या रेघांची नक्षी होती. तिच्यामुळे ही कापलेली रेषा पुन्हा विस्कटली असती, म्हणून साधी, सपाट काच मिळवली. पाणी शिरू नये म्हणून कडा नीट बंद केल्या. बल्बाची वॅट-संख्या मात्र वाढू दिली नाही.

संध्याकाळी घराच्या चुना लावलेल्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली आणि दिवे लावले. वहिनी, पुतण्या, शेजारची चार मुले, सगळे भिंतीकडे बघत होते. प्रकाशाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ, आणि उजव्या बाजूला वर चढणारी एक पायरी. सगळ्यांनी "वा!" म्हटले, मीही म्हटले. वायरमनने मात्र कपाळाला हात लावला.

"सर, हे परदेशचं झालं!"

ज्या देशांत वाहने उजवीकडून चालतात, तिथे उजवी कड पाहण्यासाठी ही पायरी उजवीकडे चढवतात. आपण डावीकडून चालतो. आपल्याकडे ती पायरी डावीकडे हवी. नाही तर ती समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांतच चढायची, आणि डावी कड, जिथे तो म्हातारा चालत होता, ती अंधारात राहायची. ती जोडी परत करून दुसरी आणली. वाचकांनीही विकत घेण्यापूर्वी दिवा भिंतीवर लावूनच पाहावा.

दहा मीटरवर दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली कड आणली. सगळे जुळले. रात्री दादाने क्रेट भरले आणि सहज भिंतीवर दिवे टाकले, तर कड वीतभर वर! भारामुळे मागची बाजू दबली होती आणि गाडीने नाक वर केले होते. मग भरल्या गाडीनेच पुन्हा दिवे जुळवले. रिकाम्या गाडीचा उजेड जरा जवळ पडतो. पण दादा रिकामा परततो तो दिवसाउजेडी.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनाजोगे बदल करण्यावर बंधन घालते. तेव्हा असे काही करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करून घ्यावी, हे बरे.

त्या रात्री मी दादाबरोबर निघालो. घाटात धुके होते, पण ते आमच्या डोक्याच्या उंचीवर काळे राहिले आणि खाली रस्त्याचा पांढरा पट्टा वळणावळणाने दिसत गेला. समोरून एस.टी. आली, दोन ट्रक आले. कोणी डिपर मारून शिव्या दिल्या नाहीत. ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' हे मी लहानपणापासून वाचत आलो. त्यातली विनवणी त्या रात्री समजली.

टोकावड्याच्या अलीकडे डाव्या कडेला, चांगले लांबवर, दोन पाय चालताना दिसले. मग धोतर, मग खांद्यावरचे घोंगडे. दादाने गाडी हळू केली, माणसापासून पुरते अंतर ठेवून पुढे काढली आणि आरशात एकदा मागे पाहिले.

"घरी सांग," तो म्हणाला, "दिवे बरे आहेत म्हणावं."

कल्याणला पोहोचल्यावर पहाटे मी वहिनींना फोन केला. पहिली घंटा पुरी होण्याआधीच त्यांनी तो उचलला.