लॅपटॉपवरचे वायफाय तारेवाटे घरभर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या घरात इंटरनेट केवळ वायफायच्या रूपाने, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, वसतिगृहाच्या सामायिक जाळ्यातून किंवा शेजारी राहणाऱ्या आप्तांच्या अनुमतीने येते, आणि त्याच घरात वायफायची सोय नसलेला जुना डेस्कटॉप, केबलवर चालणारा प्रिंटर किंवा भिंतीतून खेळवलेल्या तारांचे तयार जाळे असते, त्या घरात आज ना उद्या हा प्रश्न उपस्थित होतोच की, लॅपटॉपला मिळणारे हे इंटरनेट तारेवाटे इतर यंत्रांपर्यंत नेता येईल काय. दुकानदार बहुधा नकारार्थी मान हलवतो आणि एखादे नवे उपकरण पुढे करतो. वस्तुतः ही सोय 1999 साली आलेल्या विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून विंडोजमध्ये अंतर्भूत आहे. मॅकमध्ये ती आहे, लिनक्समध्येही आहे. आणि लॅपटॉपला केबलचा पोर्ट असल्यास एका यंत्रासाठी एक साधी नेटवर्क केबल वगळता काहीही विकत घ्यावे लागत नाही. नसलेल्या गरजेपायी सामान्य कुटुंबाचा पैसा खर्ची पडावा, ही गोष्ट मला सहन होत नाही. म्हणून या विषयाभोवती साचलेल्या समजुतींची थोडी सविस्तर छाननी येथे करावयाची आहे.

सर्वांत मूलभूत गैरसमज असा की, लॅपटॉप येथे केवळ एका नळीचे काम करतो, म्हणजे वायफायकडून आलेले जसेच्या तसे तारेत सोडतो. या समजुतीमुळेच अनेकजण विंडोजमधील दोन्ही जोडण्या एकदम निवडून त्यांचा ‘ब्रिज’ करू पाहतात, आणि तो बहुधा चालत नाही तेव्हा लॅपटॉपलाच दोष देतात. दोष लॅपटॉपचा नसतो. प्रत्येक नेटवर्क यंत्राला 48 बिटांचा एक हार्डवेअर पत्ता असतो, आणि वायफाय देणारे केंद्र, मग तो राउटर असो की मोबाइल, ज्या पत्त्याच्या यंत्राने त्याच्याकडे रीतसर प्रवेश घेतला आहे, त्याच पत्त्यावरून आलेला मजकूर स्वीकारते. लॅपटॉपच्या आडून एखादा डेस्कटॉप स्वतःच्या पत्त्यानिशी बोलू लागला, तर तो परका म्हणून नाकारला जातो. वायफायच्या नेहमीच्या संदेशात पत्त्यांसाठी तीनच रकाने वापरले जातात, आणि मागच्या यंत्राचा पत्ता स्वतंत्रपणे नोंदवण्यासाठी लागणारा चौथा रकाना वापरण्याची पद्धत अस्तित्वात असली, तरी तिला दोन्ही टोकांची संमती आवश्यक असते, जी मोबाइलच्या हॉटस्पॉटकडून सहसा मिळत नाही.

मग लॅपटॉप करतो काय? तो पत्ता बदलतो. मोठ्या कचेरीतला आवक-जावक कारकून ज्याप्रमाणे निरनिराळ्या टेबलांवरून आलेली पत्रे कचेरीच्या एकाच नावाने रवाना करतो, प्रत्येकावर जावक क्रमांक घालून नोंदवहीत तपशील लिहून ठेवतो आणि त्या क्रमांकाचा हवाला देऊन उत्तर आले की ते नेमक्या टेबलाकडे पोहोचवतो, त्याचप्रमाणे तारेवरच्या सर्व यंत्रांची मागणी लॅपटॉप स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो आणि आलेली उत्तरे नोंदीबरहुकूम वाटून देतो. या पद्धतीला ‘नॅट’ म्हणतात. तिचे वर्णन 1994 साली प्रथम प्रसिद्ध झाले, आणि केवळ खासगी जाळ्यांतील वापरासाठी राखून ठेवलेले पत्त्यांचे गट, ज्यांपैकी 192.168 ने आरंभ होणारा गट आपल्या परिचयाचा आहे, 1996 साली निश्चित झाले. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे 430 कोटीच असल्यामुळे ही तजवीज करणे भाग पडले. घरातला राउटर नेमके हेच काम करतो. लॅपटॉप ते करू लागला की तोही त्या वेळेपुरता राउटरच होतो, आणि एवढी एक गोष्ट ध्यानात धरली की पुढील बहुतेक शंकांचे निरसन आपोआप होते.

प्रत्यक्ष कृतीत सर्वाधिक चूक होते ती शेअरिंगची खूण कोठे करावी याविषयी. ज्या जोडणीला इंटरनेट द्यावयाचे तिच्यावर, म्हणजे तारेच्या ‘इथरनेट’वर, ती करावी असे मनुष्याला स्वाभाविकपणे वाटते, परंतु खूण करावयाची असते ती जिच्यावरून इंटरनेट येते त्या वायफायच्या जोडणीवर. कंट्रोल पॅनेलमधील नेटवर्क जोडण्यांच्या यादीत वायफायच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात आणि शेअरिंगच्या पानावर इतरांना या जोडणीवाटे इंटरनेट वापरण्याची मुभा द्यावी. तसे करताच विंडोज तारेच्या बाजूला स्वतःसाठी 192.168.137.1 हा पत्ता घेते आणि त्या बाजूच्या यंत्रांना पत्ते वाटू लागते. मॅकवर हा पत्ता सामान्यतः 192.168.2.1, तर लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये 10.42.0.1 असतो. डेस्कटॉपवर हाताने पत्ता भरण्याची गरज नाही. त्याने तो आपोआप घ्यावा एवढेच पाहावे. त्याला 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कोणीही त्याला पत्ता दिलेला नाही असे समजून केबल आणि शेअरिंगची खूण पुन्हा तपासावी. एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे: विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉटही तोच 137 चा गट वापरतो, त्यामुळे एका विंडोज लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवरून दुसऱ्या विंडोज लॅपटॉपने इंटरनेट घेऊन ते तारेत द्यावयाचे ठरवले, तर दोन्ही बाजूंना एकच गट येऊन मार्ग हरवतो.

यंत्रे एकाहून अधिक असली की लोक घरातला जुना राउटर मध्ये घालतात, आणि खरा घोटाळा तेथे उद्भवतो. समज असा की, राउटरचे कोणतेही भोक दुसऱ्यासारखेच. परंतु राउटरचे लॅन पोर्ट स्वतःही पत्ते वाटत असतात. लॅपटॉपची केबल त्यांच्यापैकी एकात लावली, तर एकाच तारेच्या जाळ्यात पत्ते वाटणारे दोन अधिकारी होतात, आणि कोणत्या यंत्राला कोणाकडून पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही. आज प्रिंटर चालतो, उद्या बंद पडतो, परवा डेस्कटॉपला इंटरनेट मिळत नाही, आणि कारण कोणालाच उमगत नाही. उपाय दोन आहेत: केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेट आत घेणाऱ्या भोकात, लावावी, किंवा लॅनमध्येच लावावयाची असल्यास राउटरची पत्ते वाटणारी ‘डीएचसीपी’ सोय बंद करून त्याचा स्वतःचा पत्ता लॅपटॉपच्या पत्त्याशी भिडणार नाही असा ठेवावा. साधा स्विच असेल तर यांपैकी काहीच करावे लागत नाही, कारण स्विच पत्ते वाटत नाही. घरगुती कामाला तोच उत्तम.

दोन संगणक थेट जोडण्यास ‘क्रॉस’ केबलच लागते, हा समज दोन दशकांपूर्वी खरा होता. गिगाबिट पोर्ट असलेली आजची यंत्रे तारांचा क्रम स्वतःच ओळखून घेतात. साधी केबल पुरते.

वेगाविषयीची समजूतही तपासून घ्यावी. केबल 1000 मेगाबिटची असली म्हणून इंटरनेट वेगवान होत नाही. वायफायला जे मिळते त्याचीच ती विभागणी आहे, आणि वायफायवर एका वेळी सामान्यतः एकच यंत्र बोलू शकते. मात्र लॅपटॉप या कामाने मंदावतो ही भीतीही तितकीच निराधार आहे. पत्ते बदलण्याचा भार आजच्या प्रोसेसरला नगण्य आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत लोक चुकीच्या दिशेला पाहतात. शेअरिंग सुरू केल्याने लॅपटॉपवरील फायली उघड्या पडत नाहीत. फायली देण्याची मुभा ही स्वतंत्र बाब आहे. बाहेरून कोणी डेस्कटॉपपर्यंत सहजी पोहोचत नाही, कारण त्या नोंदवहीत न मागितलेल्या पत्राला जागाच नसते. याच कारणाने वायफायवरचा मोबाइल लॅपटॉपमागच्या प्रिंटरला शोधू शकत नाही. परंतु तारेमागचे यंत्र मात्र वायफायच्या बाजूच्या यंत्रांपर्यंत पोहोचू शकते. म्हणजे आपल्या डेस्कटॉपवरील विषाणूचा उपद्रव यजमानाच्या जाळ्याला होऊ शकतो, आणि जाळ्याच्या चालकाला तो सर्व वापर आपल्या लॅपटॉपच्याच नावाने दिसतो. म्हणून वसतिगृह असो की कचेरी, मालकाची परवानगी आधी घ्यावी. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे म्हणून ते आपल्या अधिकारात आहे, असे होत नाही.

डेटाचा प्रश्न याहून अधिक व्यवहाराचा आहे. मोबाइलचा डेटा मर्यादित असल्याने लॅपटॉपवर ती जोडणी ‘मीटर्ड’ ठरवली, की सर्व यंत्रे जपून वापर करतील असे मानले जाते. पण ती खूण तारेपलीकडे जात नाही. डेस्कटॉपला समोर केबल दिसते, तो ती अमर्याद समजतो आणि अनेक गिगाबाइटचे अपडेट निःशंकपणे उतरवू लागतो. विंडोज 10 किंवा 11 असलेल्या डेस्कटॉपवर इथरनेटची जोडणीही वेगळी मीटर्ड करून ठेवावी.

अखेरीस, लॅपटॉप मिटला किंवा निद्रावस्थेत गेला की घरभरचे इंटरनेट थांबते, आणि विंडोज 10 च्या 1709 या आवृत्तीपासून तो बंद करून पुन्हा सुरू केल्यावर शेअरिंग कधीकधी आपोआप चालू होत नाही. तेव्हा खूण काढून पुन्हा करावी लागते. चार दिवसांच्या गरजेसाठी, परीक्षेच्या काळासाठी किंवा नवी जोडणी येईपर्यंत ही व्यवस्था निर्धोक आणि पुरेशी आहे. रात्रंदिवस इंटरनेट लागणाऱ्या घराने मात्र वायफाय घेऊन तारेत देऊ शकणारा छोटा राउटरच घ्यावा, आणि विकत घेण्यापूर्वी त्यात ही सोय आहे ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.