जुन्या लाकडी माशाचा रंग

गळाला लावायचा लाकडी मासा म्हणजे मोठ्या माशाला फसवणारे कृत्रिम आमिष. अमेरिकेत मिशिगन राज्यातील डोवाजॅक गावी जेम्स हेडन या मधमाशीपालकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी आमिषे कोरायला सुरुवात केली. काचेचे डोळे बसवलेले, थरावर थर देऊन रंगवलेले हे मासे आज संग्राहक जपतात. काही जण मात्र ते खरवडून नव्याने रंगवतात.

रंगाला तडे का जातात? पाणी शोषले की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने कित्येक पटींनी जास्त फुगते, लांबीच्या दिशेने अगदी नाममात्र. जुना, कडक झालेला रंग तेवढा ताणला जात नाही. म्हणून तडे बहुधा माशाच्या लांबीत पडतात. पाणी शिरण्याची ठरलेली वाट म्हणजे गळ अडकवण्याच्या स्क्रूचे भोक.

आता रंग ओळखू. दारांचा तैलरंग वाळतो तेव्हा त्यातील तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते, रेणू जोडले जाऊन जाळे बनते. ते पुन्हा विरघळत नाही. १९२०च्या दशकात प्रचारात आलेला नायट्रोसेल्युलोज लॅकर मात्र नुसता द्रावक उडून गेल्याने वाळतो. रेणू सुटेच राहतात. नेलपॉलिश हे त्याचेच भावंड. ते ॲसिटोनने कधीही निघते, हे वर्गात काचपट्टीवर दाखवता येईल (खिडक्या उघड्या ठेवून, ज्योत दूर ठेवून). म्हणजे जुन्या लॅकरवर नवा लॅकर फवारला, तर त्यातला द्रावक खाली रंगवलेले खवले पुसून टाकू शकतो. माशाच्या आडोशाच्या जागी ॲसिटोनचा कापूस टेकवावा. रंग लगेच कापसावर आला तर लॅकर असण्याचा संभव जास्त.

खरा धोका पॉलिश पेपरचा आहे. जुन्या रंगांत पांढऱ्यासाठी शिशाचे कार्बोनेट, पिवळ्यासाठी शिशाचे क्रोमेट सर्रास वापरत. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. कोरडे घासले की ही धूळ श्वासात जाते, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. शाळेत असा रंग घासूच नये.

आमच्या मते संग्रहातला मासा खरवडण्याची गरजच नसते. ज्याचा द्रावक जुन्या रंगाला लागत नाही असे वार्निश पातळ लावावे आणि फक्त उडालेल्या जागी ॲक्रिलिक रंग भरावा. पुढच्या माणसाला तो नको वाटला, तर वार्निशसकट काढता येतो. हा भराव पाण्यात फार टिकणार नाही, पण या माशाला आता पोहायचे कुठे आहे? काय लावले आणि कधी, ते चिठ्ठीवर लिहून माशासोबत ठेवावे.