यीस्टशिवाय फुगणारी भाकर

घरचा ब्रेड म्हणजे ओव्हन आणि यीस्ट, ही समजूत धडगाव-अक्कलकुव्याच्या चुलीपुढे टिकत नाही. ज्वारी-मक्यात ग्लूटेन नसतं, त्यामुळे यीस्टचा वायू धरून ठेवणारी जाळी तयारच होत नाही. इथे बांधणीचं काम कढत पाणी करतं: पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, थापताना कडा चिरत नाहीत, आणि पाणी फिरवून उलटलेल्या भाकरीचा पापुद्रा आतल्या वाफेने सुटतो. केवढं हे कसब! जुन्या पिठाची मात्र विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. दळण थोडंथोडंच आणावं. भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते, हा आक्षेप खरा. पण पावही शिळा होतो तो मुख्यतः स्टार्च पुन्हा घट्ट झाल्यानेच. शिवाय कडक भाकर दुधात कुस्करता येते. ग्लूटेन वर्ज्य असलेल्या सीलिअॅकच्या रुग्णालाही भाकर चालते. फक्त गिरणीत तिच्या पिठात गहू मिसळलेला नसावा.