मोठा प्रोपेलर म्हणजे जास्त वेग?

रिमोटवर चालणारी नायट्रो बोट सरळ मार्गावर सुसाट जाते, पण वळण घेतल्यावर रेंगाळते. दोष इंजिनाला दिला जातो; कारण मात्र बहुधा प्रोपेलर आणि टर्न फिन (वळणासाठीचे उभे पाते) यांच्या जोडीत असते. ऑक्टुरा कंपनीच्या ‘एक्स ४४२’ प्रोपेलरचा व्यास ४२ मिलिमीटर आणि पिच त्याच्या १.४ पट, म्हणजे एका फेरीत तो तत्त्वतः सुमारे ५९ मिलिमीटर पुढे सरकतो. मग पिच वाढवली की वेग वाढणारच, असे वाटेल. पण ट्यून्ड पाइप (खास आकाराची एक्झॉस्ट नळी) लावलेले इंजिन फेऱ्यांच्या ठरावीक पट्ट्यातच पूर्ण ताकद देते. चढावर जड गिअरमधली सायकल अडते, तसे वळणात वेग गमावलेले इंजिन मोठ्या प्रोपेलरमुळे त्या पट्ट्याखाली अडकते.

वळणातला वेग राखण्याचे काम फिन करते. अमेरिकेत अशा बोटींच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतात, म्हणून फिन उजवीकडे असते. पाण्यात उभी राहून ती बोटीचे बाहेर घसरणे रोखते. फिनमुळे पाण्याचा विरोध वाढतो, हा आक्षेप रास्तच आहे. तरी पातळ, धारदार आणि बोटीच्या दिशेला समांतर बसवलेली फिन सरळ मार्गावर थोडाच वेग खाते, वळणात त्याहून अधिक वाचवते. म्हणून आधी फिन नीट बसवावी, प्रोपेलर नंतर निवडावा.