साडेसतरा फुटांची मोटार आणि मिस्त्रीची अक्कल

मित्रांनो, आधी एक माप घ्या बरं. शाळेच्या पटांगणात चुन्याने साडेसतरा फूट लांब रेघ मारा. झाली? १९५९ सालची शेवरोले इम्पाला ही अमेरिकन मोटार एवढी लांब होती! त्याच सालची कॅडिलॅक तर पावणेएकोणीस फुटांची. आता त्या रेघेशेजारी अकरा फुटांची दुसरी रेघ मारा. ती आपली मारुती ८००. बघा, हत्तीशेजारी कोकरू उभं केल्यासारखं दिसतं की नाही?

एवढ्या मोठ्या गाड्या कशाला, असं तुम्ही विचाराल. त्या काळी अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं आणि जमीन अफाट होती. १९५६ मध्ये तिथे देशभर महामार्ग बांधायचा कायदा झाला. लांबलचक सरळ रस्ते म्हटल्यावर ऐसपैस गाड्या आल्याच. विमानं आणि रॉकेटं यांचं तर लोकांना वेडच होतं. म्हणून मोटारींनासुद्धा मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे पंख फुटले. त्या पंखांचा उपयोग काय? काहीच नाही! नुसता दिमाख.

मुंबईत जुळणारी अमेरिका

या गाड्या आपल्याकडे नुसत्या सिनेमात दिसत होत्या असं समजू नका. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे आणि गाडी इथे जुळायची. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट अशी त्यांची ऐटदार नावं. खरं तर तिघी बहिणीच. सांगाडा तोच, इंजिन तेच, फक्त नाव आणि नटवणं वेगळं. मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणूनही अशा दांडग्या गाड्या धावत. नंतर त्यांची जागा छोट्या फियाटने घेतली. तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

मोठ्या गाड्यांना खरा तडाखा बसला तो १९७३ मध्ये. अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. आठ सिलिंडरची गाडी पेट्रोल कशी पिते ठाऊक आहे? उन्हातून आलेला बैल हौदावर पाणी पितो ना, तशी! मग मालकांनी काय करावं? गाडी विकावी तर गिऱ्हाईक नाही, मोडावी तर जीव होत नाही. तेव्हा पुढे आले आपले मिस्त्री. त्यांनी बोनेटखालचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि तिथे डिझेल इंजिन बसवलं. वरून राणी, आतून ट्रक! पण गाडी चालत राहिली.

एक बदललं की चार बदलतात

इंजिन काढलं, दुसरं ठेवलं, संपलं काम, असं वाटतं ना? इथेच गंमत आहे. डिझेल इंजिन बहुधा जड असतं. ते बसवलं की गाडीचं नाक खाली जातं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर लावतं. मग गिअरबॉक्स आणि मागच्या धुरीतले दाते त्याला जुळायला हवेत. नाहीतर इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंग नव्याने बनवायचं म्हणजे लेथवाला आला, वेल्डिंगवाला आला.

आणि सगळ्यात महत्त्वाचा ब्रेक! कितीतरी हौशी लोक जास्त ताकदीचं इंजिन आधी बसवतात आणि ब्रेकचं नंतर बघू म्हणतात. हे अगदी उलटं आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. त्या जुन्या अमेरिकन गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. घाटात सारखे दाबले की ते तापतात आणि पकड सोडतात. शिवाय १९६७ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाची एकच वाट असे. एका नळीला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक गेले! म्हणून शहाणा मिस्त्री आधी ब्रेकच्या तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा करतो, पुढे डिस्क ब्रेक बसवतो, आणि मगच इंजिनाला हात लावतो. थांबता येत नसेल तर पळू नये, एवढं साधं आहे हे.

गाडी निवडायची कशी?

समजा, मोठेपणी तुम्हाला अशी जुनी गाडी दुरुस्त करायला घ्यायची आहे. काय बघाल? रंग? चकाकी? छे! रंग बघून गाडी घेणारा फसलाच म्हणून समजा. आधी गाडीखाली आडवं होऊन चॅसी बघायची. चॅसी म्हणजे गाडीचा कणा. वरचा पत्रा बदलता येतो, इंजिन बदलता येतं. पण कण्याला गंज लागला असेल तर सगळा खर्च पाण्यात.

मग खिशातून एक लोहचुंबक काढायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि दारं, मडगार्ड, डिकी यांवरून फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा कमी आणि लांबी जास्त! लांबी म्हणजे रंगाच्या आधी खड्डे बुजवायला भरतात तो लेप. वरून सगळं गुळगुळीत, आतून पोकळ.

तिसरी गोष्ट, सुटे भाग. बाजारात ज्याचे भाग मिळतात तेच मॉडेल निवडावं. काचा, दिव्यांच्या चौकटी, चमकणाऱ्या पट्ट्या या वस्तू इंजिनापेक्षाही दुर्मिळ असतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे जुनी वायरिंग. १९५५ पर्यंतच्या कितीतरी अमेरिकन गाड्यांना सहा व्होल्टची बॅटरी होती. त्यावर आजचा बारा व्होल्टचा दिवा लावून पाहा. काजवा बरा!

ट्रॅक्टरची करामत लॉस एंजलिसमध्ये

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. क्युबा या बेटाशी अमेरिकेने १९६२ मध्ये सगळा व्यापार बंद केला. तिथे आधी आलेल्या अमेरिकन गाड्या तशाच अडकल्या. नवे भाग येईनात. तिथल्या मिस्त्रींनी रशियन गाड्यांचे भाग बसवले, ट्रॅक्टरची आणि ट्रकची डिझेल इंजिनं बसवली, आणि गाड्या टॅक्सी म्हणून जिवंत ठेवल्या. आपल्या मुंबईच्या मिस्त्रींचे हे भाऊच नाहीत का?

लॉस एंजलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या तरुणांनी वेगळंच केलं. त्यांना गाडी अगदी जमिनीलगत, संथ चालवायची हौस. कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये नियम झाला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ मध्ये तोड काढली. विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप त्याने गाडीला जोडले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर! पोलीस गेला की गाडी खाली! पुढे या हौसेसाठी १९६४ ची इम्पाला सगळ्यांची लाडकी झाली. गुलाबाच्या फुलांनी रंगवलेली 'जिप्सी रोझ' नावाची इम्पाला तर २०१७ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या यादीत गेली. तो जुना नियमही १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला.

संग्रामपूर तालुक्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. कपाशीच्या रानात ट्रॅक्टर नांगर उचलतो, मुरमाची ट्रॉली मागे कलते, ते कशाच्या जोरावर? तेलाच्या दाबावरच! इम्पालाला नाचवणारं आणि नांगराला उचलणारं शास्त्र एकच. पास्कलचा नियम.

कायदा काय म्हणतो?

हौस खरी, पण रस्ता सगळ्यांचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील बदलतील असे फेरफार मनाला येईल तसे करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर आर. टी. ओ. ची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं, की कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही.

आणखी एक पेच आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम केला. त्यांच्या क्रमांकात 'व्ही ए' अशी अक्षरं येतात. पण अट अशी, की चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे जी गाडी मिस्त्रीने डिझेल इंजिन घालून वाचवली, तिला हा मान मिळणं कठीण! अस्सल कोण? काचेच्या खोलीत जपलेली, की बदलत बदलत पन्नास वर्षं रस्त्यावर टिकलेली? मला विचाराल तर एखादी गाडी मूळ रूपात जपलीच पाहिजे, नाहीतर ती कशी होती हे पुढच्यांना कळणार कसं? पण दुसरीला भंगार म्हणू नये. तिच्यात आपल्या माणसांची अक्कल आहे, आणि त्या मिस्त्रींची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

पालकहो, एक शब्द तुमच्याशी. पोरगा किंवा पोरगी मोटारीचे स्क्रू उघडून बसली तर लगेच "अभ्यास कर" म्हणून ओरडू नका. तो अभ्यासच आहे. दहावीनंतर आय. टी. आय. मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तिथे गणित लागतं, विज्ञान लागतं आणि हातही लागतो. फक्त चालू यंत्राजवळ मुलांना एकटं सोडू नका.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. सुई काढलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक ५ मिलीची, दुसरी २० मिलीची. पाणी भरून त्या बारीक नळीने जोडा. मोठीच्या दट्ट्यावर वही ठेवा आणि छोटी दाबा. वही उचलली जाईल. पण छोटी बरीच दाबावी लागेल आणि वही थोडीच वर येईल. असं का, ते आधी स्वतः शोधा. नाहीच सापडलं तर ट्रॅक्टरवाल्या काकांना विचारा.